माणूस: 'सोबत' पाहा

परम दयाळू, परम कृपाळू परमेश्वराच्या नावाने.

मी, खाली सही करणार फिक्री अब्दुलगनी शलबी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कोशकार (निवृत्त, पण शब्दांना ते अजून कळलेले नाही), राहणार अल-हिल्मिय्या, कैरो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आज रोजी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कसलेही नशापाणी न करता आणि थोरली बहीण रतीबा सोडून इतर कुणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की:

माझे डोके ठिकाणावर आहे. याचा दाखला मागच्या आठवड्यात रीतसर डॉक्टरांकडून घेतला. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी सत्तरच्या आसपास थांबलो आणि त्यांना सांगितले, की आमच्या भाषेत सात आणि सिंह एकाच मुळाचे, तेव्हा हे काम जपून करावे. त्यांनी दाखल्यावर लिहिले, "स्मरणशक्ती उत्तम. बोलणे थांबत नाही." दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. हेतू. सदर मृत्युपत्राचा मृत्यूशी तूर्तास काही संबंध नाही. माझा रक्तदाब शेजारच्या इंजिनिअरपेक्षा बरा आहे आणि तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. खरा प्रकार असा, की ईदच्या दुसऱ्या दिवशी रतीबा कहकचा डबा घेऊन आली, बसली, आणि बिस्किटाची साखर पदरावर सांडत म्हणाली, "फिक्री, दौलतला विचारलंस का?"

"काय विचारू?"

"नळ कुणाकडून दुरुस्त करून घेतेस, ते विचार. अरे मूर्खा, लग्नाचं."

"या वयात?"

"मग केव्हा? मेल्यावर विचारणार आहेस?"

ती गेल्यावर मी या सूचनेचा शांतपणे विचार केला आणि ती मला पसंत पडली. ज्याला तोंडाने विचारायचे जमत नाही त्याने मृत्युपत्रातून विचारावे. त्यात समोरच्याला मध्येच बोलता येत नाही, ही फार मोठी सोय आहे.

म्हणून कुमारी दौलत रुश्दी, वय वर्षे सदुसष्ट, राहणार शुब्रा, निवृत्त मुद्रितशोधक, यांचे नाव मी या कागदावर दुसऱ्या साक्षीदार म्हणून घातले आहे. सित्त दौलत (सित्त म्हणजे बाई, आदराने) यांनी आजवर कोणताही कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यावर सही केलेली नाही. गॅसचे बिल आणणारा माणूस त्यांच्या दारात बसून चहा पितो, कारण त्याला माहीत आहे की वेळ लागणार. तेव्हा सित्त दौलत, तुम्ही आता हे वाचत आहात. सलाम. कसलीही घाई नाही. प्रश्न कलम अकरामध्ये आहे.

छे, हात ऐकत नाही. प्रश्न इथेच लिहितो. माझ्याशी लग्न कराल का?

लिहिले. शाई वाळली. आता पुढची सर्व कलमे पुरावा म्हणून वाचावीत. अर्ध्यात उठून जाऊ नये, अजून रतीबाचा हिस्सा यायचा आहे.

कलम २. दौलत. जगात प्रत्येक मृत्युपत्रात माणूस आपली दौलत कुणाला तरी देऊन टाकतो. दौलत मागणारा मृत्युपत्रकार बहुधा मी पहिलाच. कोशात हे नाव द-व-ल या मुळाखाली येते. अर्थ, फिरत राहणे, या हातातून त्या हातात जाणे, दैव पालटणे. सित्त दौलत या अर्थाला अपवाद आहेत. त्या कुणाच्याही हातात गेल्या नाहीत. तरुणपणी स्थळे पुष्कळ आली, एक तर कालव्यावरचा बोटीचा कप्तान होता. प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिले, "मला चुका काढता येतात, पोसता येत नाहीत." हे वाक्य आमच्या कचेरीत इतके प्रसिद्ध झाले, की मी वीस वर्षे स्वतःच्या चुका मोजत गप्प बसलो.

कलम ३. कायदा. आमचा कायदा माणसाला स्वतःच्या मालमत्तेपैकी फक्त एक तृतीयांश हिस्सा मनाप्रमाणे देऊ देतो. बाकीचे दोन भाग वारसांचे, त्यात माझे मत कुणी विचारत नाही. मला मूलबाळ नाही. म्हणून त्या दोन भागांतले अर्धे रतीबाचे, आणि उरलेले अर्धे माझ्या दिवंगत भावाचा मुलगा मम्दूह याचे.

माझे घर तीन खोल्यांचे आहे. कायदा इतका सोयीचा क्वचितच असतो. त्यांपैकी पूर्वेची खोली, जिच्यात माझी कार्डे आहेत, ती मी सित्त दौलत यांना देतो. उत्तर 'नाही' आले तरीही देतो. हे आमिष नाही आणि ही शिक्षाही नाही, जरी त्या खोलीत जायला मम्दूहच्या खोलीतून जावे लागेल.

आता गंमत पाहा. मी लग्न केले तर बायकोला चौथा हिस्सा मिळतो. तो येतो कुठून? रतीबाचा अर्धा हिस्सा तसाच्या तसा राहतो, तिचा केसही वाकडा होत नाही. जे काही कमी होते ते सगळे मम्दूहचे. त्यामुळे सध्या आमच्या घराण्यात दोन पक्ष आहेत. रतीबा नवरीच्या बाजूने आहे, आणि मम्दूहला माझ्या प्रकृतीची फार काळजी वाटते. काल त्याने दुमयातहून फोन करून सांगितले, "काका, या वयात मनावर ताण बरा नाही." मी म्हटले, "बाळा, ताण तुझ्या मनावर आहे, माझ्या नाही." रतीबा शेजारी बसून भेंडी चिरत होती. तिने इतका वेळ हसून घेतले की भेंडी चिरायची राहिली.

कलम ४. कंदील. माझ्याकडे स्वतःचे असे जे काही आहे ते म्हणजे 'अल-कंदील' हा कोश. एकोणीस खंड, कातडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. यात शब्दांचे अर्थ आहेत, आणि अर्थ संपला की त्या वस्तूची सगळी माहिती आहे. उंट या शब्दाला अर्थ दोन ओळींचा आणि उंट बारा स्तंभांचा. आमची उभी हयात यात गेली. मी लिहायचो, सित्त दौलत प्रूफे तपासायच्या, आणि मुख्य संपादक डॉक्टर बह्गत, देव त्यांना स्वर्गात जागा देवो, आमची भांडणे सोडवायचे.

नव्या पिढीला आमचे कोश वापरता येत नाहीत म्हणून कारकुनी पद्धतीने नोंदवतो. आमच्या कोशात शब्द जसा कानावर पडला तसा सापडत नाही. आधी त्याचे कपडे उतरवावे लागतात. अंगरखा, पगडी, जोडे काढले की आत तीन अक्षरे उरतात, ते त्याचे मूळ. किताब, मकतब, कातिब ही सगळी मंडळी क-त-ब या एकाच घरात राहतात. मकतबा, म्हणजे लायब्ररी, शोधायला आलेला माणूस 'म' मध्ये धुंडाळत बसला तर संध्याकाळ होते. मूळ ओळखता आले की घर सापडले, आणि मूळ चुकले की दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलात.

अडचण त्या शब्दांची, ज्यांच्या मुळाबद्दलच हजार वर्षे तंटा आहे. सैतान दोन घरांत राहतो. त्यात नवल नाही, त्याला परवडते. पण इन्सान, म्हणजे माणूस, यालाही दोन घरे आहेत. काही पंडित म्हणतात तो अ-न-स मधला, म्हणजे जवळीक, सोबत, ज्याला दुसऱ्यावाचून करमत नाही तो. काही म्हणतात न-स-य मधला, म्हणजे विसरणारा. दोन्ही बाजूंना दाढ्या पांढऱ्या झाल्या आहेत.

मी विसरण्याच्या पक्षाचा. सित्त दौलत सोबतीच्या.

कलम ५. तंटा. "माणूस काय करतो?" मी म्हणायचो. "विसरतो. घेतलेले पैसे, दिलेला शब्द, बायकोचा वाढदिवस. जो विसरत नाही तो उंट."

"उस्ताद," त्या चष्मा न काढता म्हणायच्या, "तुम्ही रोज दुपारी एकटे जेवता की कोशरी घेऊन माझ्या टेबलाशी येता?"

"तुमच्या टेबलाशी उजेड बरा असतो."

"उजेड खिडकीपाशी असतो. माझं टेबल भिंतीला लागून आहे."

आठ महिने असे चालले. कचेरीत पैजा लागल्या. चहावाला हल्लूदा सोबतीच्या बाजूने होता, कारण विसरणाऱ्यांमुळे त्याची उधारी बुडत होती. शेवटी डॉक्टर बह्गत यांनी टेबलावर हात आपटून सांगितले, "तुमच्यापैकी जो आधी थकेल त्याने माघार घ्या. मला विचारू नका. माझा पहिला खंड छापखान्यात जायचाय."

पहिला खंड गेला. त्यावर शेवटचा हात सित्त दौलत यांचा होता, म्हणून मी धरून चाललो, की माणूस त्यांनी सोबतीत नेऊन बसवला असणार. मी ते पान कधी उघडले नाही. हरलेला माणूस आपली गुणपत्रिका पुन्हा काढून बघत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी सतराव्या खंडाची पाने आली, तेव्हा सित्त दौलत आईच्या आजारपणासाठी अलेक्झांड्रियाला गेल्या होत्या. शेवटचा हात माझा पडला. न-स-य आले, त्यात इन्सान आला. मी त्याच्यापुढे लिहिले, "'अ-न-स' पाहा." पाने छापून आली, खंड विकले गेले, डॉक्टर बह्गत देवाघरी गेले, आम्ही निवृत्त झालो.

या कलमाचा शेवट कलम आठमध्ये आहे. घाबरू नका, कलम आठ तुम्हाला परत इकडे पाठवणार नाही.

कलम ६. डॉक्टर नगाती यांस. हे गृहस्थ आमच्यानंतर कोश काढून आमच्यापेक्षा श्रीमंत झाले. त्यांना मी पक्ष्यांची एक जोडी देतो. खुलासा पुढीलप्रमाणे. आमच्या नवव्या खंडाच्या हस्तलिखितावर एक माशी बसली आणि उठताना एका अक्षरावर टिंब ठेवून गेली. आमच्या लिपीत एका टिंबाने बाप बदलतो. खजुराच्या पानांची टोपली होती तिचा 'शरनकूह' नावाचा शब्द झाला, जो कुणी ऐकलेला नव्हता. एका उमेदवाराने ठरवले की हा पक्षी असावा. सित्त दौलत यांनी प्रुफात तो पकडला, पण डॉक्टर बह्गत हसून म्हणाले, "राहू दे त्याला. चोर सापडेल."

दोन ओळींचा पक्षी राहिला. डॉक्टर नगाती यांच्या कोशात तो आठ ओळींचा झाला. नाईलच्या मुखाशी हिवाळ्यात येतो, मादी राखी असते, आणि शेवटी, मी शब्दशः उतरवतो, "मांस चविष्ट असते." सित्त दौलत यांनी ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवले आणि विचारले, "कशाबरोबर खात असतील, उस्ताद?" मी म्हटले, "भाताबरोबर. टोपली भरून." त्यानंतर मी दोन दिवस चालता चालता हसत होतो आणि हिल्मिय्यातल्या लोकांनी माझ्याबद्दल काय समज करून घ्यायचा तो घेतला. सदर जोडी डॉक्टर नगाती यांनी स्वतः पकडून न्यावी.

कलम ७. मम्दूह यांस. पुतण्या वाईट नाही. दुमयातला त्याचे फर्निचरचे दुकान आहे आणि तो पलंग चांगले करतो. गेल्या उन्हाळ्यात तो आला, कंदीलसमोर उभा राहिला, हाताची वीत लावून मापू लागला.

"काका, ही पुस्तकं किती मीटर आहेत?"

"एकोणीस खंड आहेत."

"खंड नको, मीटर सांगा. नव्या वसाहतीत लोक बंगले बांधतायत, त्यांना दिवाणखान्यात लागतात. तपकिरी चालतं. सोनेरी अक्षरं असली तर जास्त चालतं."

"आणि आत काय आहे ते?"

"आत कोण बघतंय, काका."

म्हणून माझे मित्र हाज बय्यूमी, ज्यांनी कंदीलचा प्रत्येक खंड बांधला, त्यांना मी सांगून ठेवले आहे. मम्दूहसाठी त्यांनी पुठ्ठ्याचे, कातडी पाठीचे, सोनेरी अक्षरांचे एकोणीस खोके करावेत, आत काहीही नसलेले. ते वजनाला हलके असतील, वाहतुकीला सोपे पडतील आणि ते कुणी उघडणार नाही. सर्व पक्ष समाधानी राहतील. हाज म्हणाले, "पहिल्याच्या पाठीवर काय लिहू?" मी म्हटले, "मीटर पहिला."

कलम ८. माणसाचा शोध. या वसंतात टांटाहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. आवाज सभ्य होता, पण रागावलेला.

"उस्ताद फिक्री शलबी आपणच का? आपला कोश मी माझ्या पेन्शनीतून घेतला. यात उंट बारा स्तंभ. माणूस कुठाय?"

"अ-न-स खाली पाहा, मास्तर. पहिला खंड."

"पाहिलं. तिथे लिहिलंय, 'न-स-य पाहा.' सतरावा खंड काढला, स्टुलावर चढून काढला. तिथे लिहिलंय, 'अ-न-स पाहा.' सकाळपासून मी खालीवर करतोय. माझी बायको म्हणते, बसा, माणूस काही सापडायचा नाही."

मी मास्तरांची माफी मागितली, दोन्ही खंड काढले आणि जमिनीवर बसलो. मास्तर खरे बोलत होते. एकोणीस खंड, आणि त्यात माणूस नाही. माशीने केलेला पक्षी आहे. मी फोन फिरवला.

"सित्त दौलत, माणूस कुठे आहे?"

"कुठला? नळवाला यायचा होता, तो आला नाही."

"कोशातला."

"तो तुमच्याकडे. विसरण्यात."

"माझ्याकडे नाही. तुमच्याकडे, सोबतीत."

"मी कशाला ठेवीन? आठ महिने माझं डोकं खाल्लंत तुम्ही. शेवटी मीच काढून तुमच्याकडे पाठवला."

"आणि मी तुमच्याकडे पाठवला."

 मग सित्त दौलत हसल्या. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो, पण असे हसताना कधी ऐकले नव्हते. मध्ये श्वास घ्यायला थांबायच्या, "बारा स्तंभ उंट" म्हणायच्या, आणि पुन्हा हसायच्या. मीही हसलो. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छताला ठोकले.

"पण तुम्ही माघार का घेतलीत?" मी विचारले.

"तुमचा चेहरा बघवेना. आठवडाभर तुम्ही कोशरी अर्धी टाकून उठत होतात. म्हटलं, जाऊ दे, एका शब्दासाठी माणूस उपाशी नको." आणि मग, "आणि तुम्ही? तुम्ही का घेतलीत?"

सभ्य स्त्रीने विचारलेला सरळ प्रश्न. उत्तर माझ्या जिभेवर होते. ते तिथेच ठेवून मी म्हणालो, "पुरवणी काढू."

"काढा," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून स्वतःला अशा शिव्या दिल्या ज्या कंदीलच्या कोणत्याही खंडात नाहीत. तर सित्त दौलत, ही ती पुरवणी. उत्तर असे. सतराव्या खंडाच्या वेळी तुम्ही अलेक्झांड्रियाला होतात. तुमच्या टेबलाशी एक तरुण बसवला होता, तो माझ्या प्रत्येक वाक्याला "उत्तम" म्हणायचा. भांडायला कुणी नव्हते. मी न-स-य चे पान पुढे घेऊन बसलो, विसरणे, विसरभोळा, विस्मृती, सगळे व्यवस्थित लिहिले, आणि त्या संपूर्ण पानावर मला एकच माणूस सारखा आठवत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझा पक्ष खोटा आहे. जो विसरूच शकत नाही त्याने विसरण्याच्या घरात कसे राहावे. म्हणून मी माणसाला तुमच्याकडे पाठवले.

कलम ९. हत्यारे व किरकोळ. पितळी भिंग हाज बय्यूमी यांस. त्यांचे डोळे आता सोनेरी वर्खापुरतेही उरले नाहीत, पण ते कबूल करत नाहीत. खिडकीतून दोरीने खाली सोडायची टोपली समोरच्या भाजीवालीस, कारण गेली अनेक वर्षे तिने तिच्यात मी न मागितलेली लिंबे टाकली आहेत. रबरी शिक्के नष्ट करावेत. डिंकाची बाटली कुणी घेणार नाही, तिचे झाकण बसलेले आहे.

लाल शाईच्या पेनांचा माझ्याकडे एकही नमुना नाही. ते सगळे सित्त दौलत यांनी वेळोवेळी नेले आणि माझ्यावरच वापरले.

कलम १०. चंद्राबद्दल खुलासा. आम्ही निवृत्त झालो त्या वर्षी मी एकदा प्रयत्न केला होता. तोंडाने नाही, लेखी. चार ओळी होत्या, त्यांत चंद्र होता, त्याचा उजेड होता, आणि त्या उजेडात वाचणाऱ्या एका निद्रानाशी माणसाचा उल्लेख होता. मी तो कागद सित्त दौलत यांच्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या आठवड्यात तो परत आला. तीन व्याकरणाच्या चुका लाल केलेल्या होत्या आणि समासात शेरा होता, "चंद्राचा लेख नव्याने का? आकारमान, अंतर, कला काहीच नाही. संदर्भ द्या."

इतकी वर्षे मी समजत होतो की तो नकार होता. आता मला शंका येते की त्यांनी तो खरोखरच चंद्राचा लेख समजून वाचला. म्हणून या वेळी मी उपमा वापरलेल्या नाहीत. संदर्भही दिला आहे: खंड पहिला आणि खंड सतरावा.

कलम ११. प्रश्न. विचारून झाला आहे. कलम एक पाहा. तरी थोडे लिहितो, कारण कलम राखून ठेवले होते.

सित्त दौलत, मला मरणाची भीती वाटत नाही. मला जेवणाच्या वेळेची भीती वाटते. मी मुलुखियाची पातळ भाजी वाढून घेतो आणि ताटाला मोठ्याने सांगू लागतो, की हा शब्द कुठून आला, तो राजाचा की गवताचा, आणि समोरून कुणी "चूक" म्हणत नाही. चुकीचे बोलून ते तसेच हवेत राहू देणे, याची मला सवय नाही आणि लावूनही घ्यायची नाही. शुब्राहून इथे यायला मेट्रो आहे. जिने तीन मजल्यांचे आहेत, पण प्रत्येक मजल्यावर टेकायला बाक ठेवण्याबद्दल मी रखवालदाराशी बोललो आहे. तुमची प्रूफांची उंच खुर्ची पूर्वेच्या खोलीत बसेल, मी माप घेतले आहे, विचारल्याशिवाय घेतले त्याबद्दल क्षमा असावी. तिथे कार्डे आहेत आणि पुरवणी लिहायची आहे. तिच्यात पहिली नोंद माणसाची. लेख कोण लिहील आणि कुठल्या घरात, यावर आपण हवे तितके भांडू. या वेळी माघार कुणीही घ्यायची नाही, एवढी एकच अट.

'नाही' म्हणायचे असेल तर फक्त सही करा. मी काही विचारणार नाही, चहा करीन, आणि आपण डॉक्टर नगातींबद्दल बोलू. मला दुःख होईल, हे लपवत नाही. पण खोली तुमचीच राहील आणि कोशही.

कलम १२. समारोप. आमच्या भाषेत मृत्युपत्राला वसिय्या म्हणतात. मूळ व-स-य, आणि त्याचा जुना अर्थ जोडणे, एका गोष्टीला दुसरी लागून असणे. पंडित सांगतात, ती माणसाचे जगणे त्याच्या मागे उरणाऱ्यांशी जोडते म्हणून ते नाव. मी हे मूळ दोनदा तपासले. मरणाचा त्यात उल्लेख नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करावे लागले तर मला आनंदच होईल, कारण त्याचा अर्थ वारस वाढले. वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून वाचून पाहिला आहे, आणि त्यात चुका असतील तर त्या सापडाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ठिकाण: अल-हिल्मिय्या, कैरो
दिनांक: गुरुवार, १० नोव्हेंबर २००५

सही: फिक्री अब्दुलगनी शलबी

साक्षीदार क्रमांक एक: हाज बय्यूमी इस्मत, बुकबाइंडर. माझ्यासमक्ष सही झाली. मजकूर सगळा वाचलेला नाही. कागद चांगला आहे. सही: बय्यूमी

साक्षीदार क्रमांक दोन: कुमारी दौलत रुश्दी, मुद्रितशोधक. सही:

*(या जागी, लाल शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात)*

संपूर्ण वाचले. चुका आहेत, त्यांपैकी दोन गंभीर. त्या समोरासमोर बोलू. इथे सही करत नाही. नवरीला साक्षीदार होता येत नाही. खालून दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. — दौलत